घोटा मुरगळला, अर्जंट केअरला गेलो, तपासणारी डॉक्टर नव्हती आणि एक्स-रेही काढला नाही. विश्वास ठेवावा का?

पायवाट:

काल संध्याकाळी आई पायरी उतरताना पाय मुरगळून पडली. वय ६८. उजवा घोटा बाहेरच्या बाजूने टम्म सुजला आणि रात्रीपर्यंत काळानिळा पडला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना तोवर बंद झाला होता. मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यावं इतकं गंभीर वाटेना, म्हणून आधी वेळ न घेता जाता येतं अशा अर्जंट केअर क्लिनिकमध्ये नेलं. तिथे जायची आमची पहिलीच वेळ.

आधी एका नर्सने रक्तदाब, नाडी वगैरे घेतलं. मग एक बाई आल्या. त्यांनी स्वतःहून सांगितलं की मी डॉक्टर नाही, फिजिशियन असिस्टंट आहे. त्यांनी आईचा पाय बराच वेळ ठिकठिकाणी दाबून पाहिला आणि तिला तिथल्या तिथे चार पावलं चालायला लावलं. आई लंगडत का होईना, चालली. त्यावर त्या म्हणाल्या, हाड मोडल्याची लक्षणं नाहीत, एक्स-रेची गरज नाही. पट्टा बांधला, पाय उंचावर ठेवायला सांगितलं आणि घरी सोडलं.

घरी आल्यापासून भावाचं एकच चाललंय, एक्स-रे न काढता त्यांना कळलं कसं? मलाही नीट उत्तर देता येत नाहीये. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने घेतलेला निर्णय मानायचा का? या क्लिनिकांमध्ये नक्की कोण कोण असतं, आणि तिथे कशासाठी जावं, कशासाठी जाऊ नये? कोणी आतून पाहिलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

परखड:

माझं मत स्पष्ट आहे. दुखणं कसलंही असो, सरळ मोठं हॉस्पिटल गाठावं. तिथे तज्ज्ञ असतात, सगळ्या मशीन असतात. अर्ध्या सोयींच्या जागी जाऊन परत तिकडेच पाठवणार असतील तर मधला वेळ का घालवायचा? आईला आजच घेऊन जा आणि एक्स-रे काढा.

रात्रपाळी:

पायवाट, मी नर्स आहे. आधी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत होते, आता बरीच वर्षं अर्जंट केअरमध्ये ट्रायाज करते. म्हणजे आलेल्या माणसाला सगळ्यात आधी मी बघते. कोणाला लगेच आत घ्यायचं, कोण थोडं थांबू शकतो आणि कोणाला इथे ठेवायचंच नाही, हे तिथे ठरतं. तुमचे प्रश्न रोज ऐकते, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आधी घोटा. त्या बाईंनी पाय कुठे कुठे दाबला ते आठवून बघा. बाहेरच्या बाजूला घोट्याचं जे हाड वर आलेलं असतं त्याचं खालचं टोक, आणि तिथून मागच्या कडेने वर साधारण ६ सेंटीमीटरपर्यंत. मग आतल्या बाजूला तसंच. मग पावलाची बाहेरची कड, जिथे करंगळीच्या रेषेत अधेमधे एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो तो. आणि शेवटी पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढचं हाड. हाडाच्या मागच्या कडेने दाबण्याला कारण आहे. घोटा मुरगळला की बहुतेक वेळा पुढच्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट बंध, ताणला जातो किंवा फाटतो. सूज तिथेच येते, आणि तिथे बोट लावलं तर हाड शाबूत असूनही माणूस कळवळतो. मागच्या कडेला लिगामेंटचं दुखणं मध्ये येत नाही. तिथे दाबल्यावर दुखलं तर ते हाडाचं असण्याची शक्यता जास्त.

याला ओटावा नियम म्हणतात. कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९२ मध्ये मांडले. त्याआधी मुरगळलेल्या जवळजवळ प्रत्येक घोट्याचा एक्स-रे निघायचा आणि बहुतेकांत काहीच सापडायचं नाही. नियम असा: त्या ठरावीक जागी हाड दाबल्यावर दुखत नसेल आणि माणूस चार पावलं टाकू शकत असेल, लंगडत टाकली तरी चालतात, तर एक्स-रे लागत नाही. पुढे बऱ्याच देशांत हे नियम तपासून पाहिले गेले. नियम नीट लावले तर मोडलेलं हाड सुटून जाण्याचं प्रमाण २ टक्क्यांहून कमी निघालं. तेव्हा भावाला सांगा, त्यांनी अंदाजाने सोडलेलं नाही. पाय दाबणं आणि चालायला लावणं हीच ती तपासणी होती.

फक्त हे नियम सगळ्यांना लागू पडत नाहीत. माणूस दारूच्या अमलाखाली असेल, डोक्याला मार लागून गोंधळलेला असेल, दुसरीकडे मोठी जखम असून सगळं लक्ष त्या वेदनेकडे असेल, किंवा पायाची संवेदनाच कमी असेल, तर दाबून काही कळत नाही. अशांचा आम्ही सरळ एक्स-रे काढतो. लहान मुलांचा विचारही वेगळा करावा लागतो.

आता तिथे कोण असतं. जागेजागी फरक असतो, पण साधारण एक डॉक्टर, बहुधा फॅमिली मेडिसिन किंवा इमर्जन्सीचा अनुभव असलेला. काही पाळ्यांना डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतो, काहींना फोनवर. त्यांच्यासोबत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासायचं शिक्षण घेतलेली व्यक्ती, किंवा नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जादा शिक्षण घेऊन स्वतः रुग्ण तपासणारी नर्स. ही दोन्ही पदं अमेरिकेत एकाच वर्षी, १९६५ मध्ये सुरू झाली. ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेल्या चौघांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा पहिला वर्ग सुरू केला, आणि कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा. त्यांचं शिक्षण डॉक्टरपेक्षा कमी वर्षांचं असतं, हे खरं आहे. पण मुरगळलेले पाय, टाके, कानदुखी, लघवीची जळजळ यात त्यांचा हात रोज बसलेला असतो. मग नर्स, एक्स-रे टेक्निशियन, आणि रिसेप्शनवरची माणसं. न्यूझीलंडमध्ये तर अर्जंट केअर ही डॉक्टरांची स्वतंत्र विशेष शाखा मानली जाते.

रिसेप्शनच्या माणसांबद्दल मुद्दाम लिहिते, कारण त्यांना कोणी मोजत नाही. आमच्याकडे एकदा पन्नाशीचा माणूस आला. फॉर्मवर त्याने 'दाढदुखी' लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने त्याचं नाव रांगेत टाकलं, पण तिला दिसलं की तो जबडा धरून बसलाय, आणि सांगतोय डावी दाढ पण हात सारखा गळ्यावरून छातीकडे जातोय. कपाळावर घाम. तिने सहज विचारलं, कधीपासून दुखतंय? तो म्हणाला, सामान घेऊन वर चढलो की सुरू होतं, बसलं की थांबतं. ती उठून माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, ताई, याची दाढ मला बरोबर वाटत नाही. छातीच्या दुखण्याची शंका आली की १० मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा, असा नियम आहे. आम्ही त्याच्या आधीच काढला. ईसीजीत बदल होते. डॉक्टरांनी ॲस्पिरिन चघळायला दिली, मी सलाईनची सुई लावली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. त्या मुलीने कुठलंही वैद्यकीय शिक्षण घेतलेलं नव्हतं. पण तिने बघितलं आणि ते लगेच येऊन सांगितलं.

इतकी वर्षं शेजारी उभं राहून काम केल्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास कोणावर बसतो विचाराल, तर ज्याला 'हे आपल्याकडचं नाही, पुढे पाठवा' असं वेळेत म्हणता येतं त्याच्यावर. अर्जंट केअरमधलं सगळ्यात अवघड काम ते. टाके घालायला शिकता येतं. समोर बसलेल्या दहा जणांत सर्दी-खोकल्यासारखा दिसणारा एक जण सर्दी-खोकल्याचा नाही, हे ओळखणं कठीण. म्हणून मी तर म्हणेन, तिथे तपासणारी व्यक्ती कोण आहे हे जरूर विचारा, आणि शंका आली तर तुम्ही कोणाला विचारता, हेही विचारा. चांगली माणसं या प्रश्नाने दुखावत नाहीत.

परखड, तुमचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण इमर्जन्सीत मी काम केलंय म्हणून सांगते. तिथे आधी आला त्याला आधी, असं नसतं. जो जास्त गंभीर, तो आधी. हार्ट अटॅक, अपघात, बेशुद्ध माणूस येत राहिले की मुरगळलेला पाय तासन् तास खुर्चीवर बसून राहतो, आणि तसंच व्हायला हवं. ६८ वर्षांच्या बाईला सुजलेला पाय खाली सोडून रात्रभर बसवायचं, यात तिचं भलं नाही.

अर्जंट केअरला कशासाठी जाऊ नये, तेही सांगते. छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं होणं, दम लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, रक्त न थांबणं, गरोदरपणात रक्तस्राव, डोक्याला मार लागून उलट्या. यांपैकी काहीही असेल तर आमच्या दारात वेळ घालवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. पक्षाघातात तर फारच. गुठळी विरघळवायचं औषध सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. आमच्यासारख्या क्लिनिकमध्ये सीटी स्कॅन सहसा नसतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर तेही थेट हॉस्पिटलात. बाळ हसत-खेळत दिसलं तरी.

मुलांचं आणखी एक. लहान मूल खोकत आलं की मी आधी त्याचा सदरा वर करते. आई-बाबा खोकल्याबद्दल सांगत असतात आणि मी पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजते. मूल रडत असेल तर शांत होईपर्यंत थांबते. दोन महिने ते एक वर्ष वयात मिनिटाला ५०, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त श्वास असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने तो वेगवान श्वास. आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटावरच्या मशीनचा आकडा चांगला आला तरी मी त्या मुलाला रांगेत ठेवत नाही. हे घरीही बघता येतं. कपड्यांवरून दिसत नाही, सदरा वर करावाच लागतो.

काळंपांढरं:

मी एक्स-रे टेक्निशियन. रात्रपाळींनी सगळं लिहिलंच आहे, माझी एकच भर. अशा क्लिनिकमध्ये एक्स-रे निघाला की तो आधी तिथलाच डॉक्टर किंवा असिस्टंट बघतो आणि त्यावर लगेच उपचार सुरू होतात. रेडिओलॉजिस्टचा, म्हणजे एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचा, पक्का रिपोर्ट नंतर येतो, कधी दुसऱ्या दिवशी. बारीक तडा पहिल्या नजरेला निसटू शकतो, म्हणूनच ही दुसरी नजर ठेवलेली असते. रिपोर्टमध्ये काही वेगळं निघालं तर क्लिनिक फोन करतं. लोक अनोळखी नंबर म्हणून तो उचलत नाहीत. कृपया उचला. आणि फॉर्मवर नंबर स्वतःचा द्या, बंद पडलेला नको.

वाफारा:

मी डॉक्टर आहे, आठवड्यातल्या काही पाळ्या अर्जंट केअरमध्ये करतो. एक्स-रेवरून जशी नाराजी होते तशीच आमच्याकडे अँटिबायोटिकवरून होते, म्हणून लिहितो. घसा दुखतोय म्हणून आलेल्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना विषाणूचा संसर्ग असतो आणि त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही. मी चार गोष्टी बघतो: ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा सूज, गळ्याच्या पुढच्या बाजूच्या गाठी दुखतात का, आणि खोकला आहे की नाही. पहिल्या तीन असणं आणि खोकला नसणं, हे जिवाणूच्या बाजूने जातं. रॉबर्ट सेंटर यांनी हे १९८१ मध्ये मांडलं. शंका वाटली तर घशातून काडी फिरवून झटपट चाचणी, काही मिनिटांत उत्तर.

खोकला, नाक वाहतंय, ताप नाही, अशा माणसाला मी औषध लिहून देत नाही तेव्हा तो मला म्हणतो, मग मी आलो कशाला? मी त्याला समजावायला वेळ घेतो. औषध लिहून देणं याहून सोपं असतं आणि बाहेरची रांगही लवकर सरते. तरीही मी वेळ घेतो, कारण उगाच दिलेल्या गोळीने जुलाब, अंगावर पुरळ हे होऊ शकतं, आणि खरंच गरज पडेल तेव्हा तीच गोळी लागू पडेनाशी होते.

पायवाट, तुमच्या आईला तपासणाऱ्या बाईंनी मी डॉक्टर नाही हे आपणहून सांगितलं, हे मला फार चांगलं वाटलं.

पायवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी ताई, तुमचं लिहिलेलं भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. पण ते वाचताना एका जागी थबकले. तुम्ही लिहिलंय की पायाची संवेदना कमी असेल तर दाबून कळत नाही. आईला मधुमेह आहे, वीसेक वर्षं झाली. तिच्या तळव्यांना मुंग्या येतात, कधीकधी चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही. त्या बाईंनी विचारलं होतं, पाय बधिर वाटतात का म्हणून. आई म्हणाली, नाही हो, काही नाही. तिला लवकर घरी यायचं होतं आणि कोणाला त्रास द्यायचा नव्हता. आज तिला चालताना फारसं दुखत नाहीये. मग आता काय करू?

रात्रपाळी:

पायवाट, हे बरं झालं विचारलंत. आजच परत घेऊन जा, त्याच क्लिनिकमध्ये चालेल. दुखत नाहीये यावर जाऊ नका. पाय बधिर असेल तर हाड मोडलेलं असतानाही माणूस चालतो. तिथे गेल्यावर आईला बोलू देण्याआधी तुम्हीच सांगा: मधुमेह इतकी वर्षं, तळव्यांना मुंग्या, चप्पल निसटलेली कळत नाही. चप्पलचं नक्की सांगा. 'मुंग्या येतात' हे बरेच जण म्हणतात, पण चप्पल पायातून गेलेली कळली नाही हे ऐकलं की तपासणारा लगेच सावध होतो.

औषधांची यादीही न्या. सुजेवरच्या काही वेदनाशामक गोळ्या किडनीला सोसत नाहीत, मधुमेह असेल तर तेही बघावं लागतं.

आई 'काही नाही' म्हणाली याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्या खोलीत येणारी निम्मीअधिक मोठी माणसं तसंच म्हणतात. म्हणून मी सोबत आलेल्याकडेही बघत असते.

परखड:

मी एक्स-रे काढा म्हणालो होतो ते वेगळ्या कारणाने, पण चला, आता जाताय हे चांगलं. काय निघालं ते नक्की कळवा. इमर्जन्सीतल्या क्रमाबद्दल मला माहीत नव्हतं.

पायवाट:

जाऊन आलो. त्याच बाई होत्या. मी चप्पलचं सांगितलं तशा त्या लगेच म्हणाल्या, बरं झालं आलात, हे कळलं असतं तर कालच एक्स-रे काढला असता. मग त्यांनी आईला डोळे मिटायला लावले आणि एक नायलॉनचा जाड केसासारखा तंतू घेऊन तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. तंतू वाकेपर्यंत टेकवायचा आणि लागलं की 'हो' म्हणायचं. आई अंगठ्याखाली आणि करंगळीखाली गप्पच. मी बघत होते, तंतू वाकत होता आणि तिला पत्ताच नव्हता. हे इतकं झालंय हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

एक्स-रेमध्ये घोटा ठीक आहे, पण पावलाच्या बाहेरच्या कडेच्या त्या हाडाला, रात्रपाळी ताईंनी करंगळीच्या रेषेतलं म्हटलं तेच, बारीक तडा आहे. हाड सरकलेलं नाही. त्यांनी हजर असलेल्या डॉक्टरांना दाखवलं आणि दोघांनी मिळून बूट दिला, कडक तळव्याचा, पट्ट्यांचा. ऑपरेशन वगैरे लागणार नाही म्हणाले. संध्याकाळी रेडिओलॉजिस्टचाही तोच रिपोर्ट आल्याचा फोन आला. काळंपांढरं, तुमच्यामुळे अनोळखी नंबर उचलला.

आता पुढचं क्लिनिकमध्येच दाखवायचं की नेहमीच्या डॉक्टरांकडे?

रात्रपाळी:

नेहमीच्या डॉक्टरांकडे, आणि त्यांच्या सांगण्याने हाडांच्या डॉक्टरांकडे. अर्जंट केअरमध्ये दर वेळी वेगळा माणूस असतो. तडा भरून येतोय की नाही आणि पायाच्या नसांचं पुढे काय करायचं, हे एकाच नजरेखाली राहायला हवं. क्लिनिककडून एक्स-रेची प्रत आणि तंतूच्या तपासणीचा कागद, दोन्ही मागून घ्या. दुसरा कागद लोक विसरतात.

बुटाबद्दल कोणी सांगितलं नसेल तर: रोज रात्री तो काढून पाय उजेडात बघा. टाच, घोट्याची दोन्ही हाडं, बोटांच्या मधल्या फटी. बूट कुठे घासत असला तरी आईला दुखणार नाही, त्यामुळे लाल चट्टा तुम्हालाच शोधावा लागेल. मोजा शिवण नसलेला किंवा उलटा करून घाला. आणि पाऊल दुसऱ्या पायापेक्षा गरम लागलं, लाली किंवा सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. मधुमेहात अशा पायाची हाडं आतून खचायला लागतात, आणि तेही न दुखता.